मावशींची रांग

"काय निघालं?"

वाचनालयात कुणी पुस्तक परत करायला आलं, की मी शिक्का उचलायच्या आत मावशी ते पुस्तक आपल्या हातात घ्यायच्या, पदराच्या टोकानं वरून-खालून पुसायच्या आणि एवढंच विचारायच्या. समोरचा "चांगलं होतं" म्हणाला, तर त्यांचं भागत नसे.

"चांगलं तर पाणी बी असतंय. त्याच्यातून काय निघालं ते सांगा की."

मग त्या माणसाला बाकावर टेकावंच लागे. पुस्तकात कोण होतं, कुठल्या गावचं होतं, त्याच्यावर काय प्रसंग आला, शेवटी कोण उरलं, सगळं सांगावं लागे. मावशी झाडू भिंतीला लावून उकिडव्या बसायच्या आणि मधेच अडवायच्या, "मग त्याची बायको काय म्हणली?" पुष्कळदा हे वाचणाऱ्यालाच आठवत नसे. तो ओशाळून पुस्तक पुन्हा घरी घेऊन जायचा.

मावशींना वाचता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यात गुपित काही नव्हतं. हजेरीपटावर त्या अंगठा उठवायच्या आणि बोटाची शाई दारामागच्या भिंतीला पुसायच्या. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं नवलही वाटत नव्हतं. नवल वाटायचं ते बाहेरच्यांना.

परभणी जिल्ह्यातल्या बोरीहून आत सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. ग्रामपंचायतीच्या मागं दोन खोल्या, सहा लोखंडी कपाटं, तीनेक हजार पुस्तकं, एक लांब बाक आणि मनाला येईल तेव्हा फिरणारा एक पंखा, असं आमचं सार्वजनिक वाचनालय. मी तिथला ग्रंथपाल आणि मावशी शिपाई. शिपाई म्हणजे झाडणं, माठ भरणं, वर्तमानपत्रं दांडीला लावणं आणि अध्यक्ष आले की चहा सांगून येणं.

त्यांचं सगळं लहानपण ऊसतोडीत गेलेलं. दिवाळी झाली की आईबापांबरोबर कारखान्याच्या वाटेला लागायचं, पाडव्याच्या पुढंमागं परत यायचं. "माझी शाळा दरसाली निम्मीच व्हायची, सर. अक्षर ओळखीचं व्हायलं की बैलगाडी जुंपायचे. परत आले की गुरुजी म्हणायचे, ही आली, म्हंजी आता पावसाळा लांब न्हाई." लग्नानंतरही वीसेक वर्षं हातात कोयताच होता. नवरा गेला, पाठीचा मणका बोलायला लागला, तेव्हा त्या गावात थांबल्या आणि कुणाच्यातरी शब्दावर वाचनालयात लागल्या. मी रुजू झालो तेव्हा त्यांना तिथं पाच-सहा वर्षं झालेली होती.

आता माझं सांगतो. मला याद्यांचा नाद. रविवारच्या पुरवणीत 'वाचायलाच हवीत अशी' काही छापून आलं, की मी कात्री घेऊन बसायचो. मोबाइल आल्यापासून तर विचारूच नका. कुणी वर्षातली पंचवीस काढलेली, कुणी आयुष्यातली शंभर. परभणीच्या दोन प्राध्यापकांना मी फोन करकरून त्यांच्या याद्या मागवल्या होत्या. सगळ्या चाळून, गाळून मी माझी एक यादी करायचो, बोरीच्या कॉम्प्युटरवाल्याकडून टाइप करून आणायचो आणि फळ्यावर लावायचो. महत्त्वाच्या नावांखाली तांबडी रेघ. लोक फळ्यापुढं थांबायचेही. माझ्या यादीशेजारी लोडशेडिंगचं वेळापत्रक लावलेलं असायचं, ते बघायला.

एकदा निवृत्त तलाठी आप्पा आले. चष्मा लावून त्यांनी माझी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मला बरं वाटलं. मग चष्मा काढून खिशात ठेवत म्हणाले, "लय मेहनत घेतलीय, सर. मावशी कुठं गेल्यात?"

मावशी यादी देत नसत, रांग लावत. मागणारा आला की त्याला पुस्तकांबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. झोप लागते का, घरात कोण कोण असतं, कुणाशी बोलणं बंद आहे का, राग आला की जेवण सुटतं की वाढतं, असलं विचारायचं. मग उठून कपाटांतून पाच किंवा सात पुस्तकं काढायची आणि बाकावर ओळीनं मांडायची. थोडं लांब उभं राहून बघायचं. तिसरं उचलून पहिलं करायचं. "ह्येच्या आधी ते उघडू नका बरं. आधी हे पोटात जाऊ द्या." मग सगळी सुतळीनं बांधून खालच्या फळीवर ठेवायची. ज्याची रांग त्यानं एकेक सोडवून न्यायचं, परत आणायचं, काय निघालं ते सांगायचं आणि पुढचं न्यायचं.

पुस्तकाचं नाव त्यांना कधीच ठाऊक नसे, त्यांनी ठेवलेलं नाव असे. तेलकट. फुटक्या पाठीचं. उंदराचं. छत्रीवालं. निळं. एकदा मी त्यांना टोकलं, "मावशी, निळी तर आपल्याकडं चाळीस असतील."

"असतील की. पर रडवून मोकळं करणारं निळं एकच हाय."

एकेका पुस्तकाबद्दल त्यांनी दहा-दहा जणांकडून ऐकलेलं असायचं. कोण कुठल्या पानाला अडलं, कुणी अर्ध्यात आणून टाकलं, कुणी मुदत संपली तरी दिलं नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पीठगिरणीवाल्याला त्यांनी लहान लहान प्रकरणांचं पुस्तक काढून दिलं, कारण "एक दळण पडूस्तोवर एक खतम व्हाया पायजे." ते पुस्तक परत आलं ते पिठानं पांढरं होऊन, आणि गिरणीवाला सांगत बसला तो तासभर. तिकडं गिरणीत दळणाची रांग लागलेली, बायका त्याला शोधत वाचनालयात आल्या. नव्यानं नांदायला आलेल्या एका सुनेच्या रांगेत त्यांनी सगळ्यात आधी देवाचं चित्र असलेलं जाड पुस्तक ठेवलं. सून बिचारी नाराज झाली. मावशी हळूच म्हणाल्या, "पयलं तुज्या सासूसाठी हाय. चार दिवस तिच्या नजरंपुढं ठिव. दुसरं तुजं."

लोक आपापसांत रांगा बदलायला लागले, तेव्हा मात्र त्या चिडल्या. आप्पांनी आपली अख्खी रांग सुतळीसकट व्याह्यांना देऊन टाकली होती. "दुसऱ्याचा चष्मा घालून फिरता व्हय?" मावशींनी आप्पांना भर बाजारात विचारलं. आप्पा एकेकाळचे तलाठी, पण गप्प ऐकून घेतलं.

गावाच्या ग्रुपवर बोभाटा झाला आणि बाहेरगावची माणसं यायला लागली. देवगाव फाट्यावरचा एक हॉटेलवाला मोटारसायकलवर आला आणि गाडी बंद न करताच म्हणाला, "मावशी, कुठली पण एक रांग द्या, घाईत आहे."

"कुठली पण पायजे तर सरांची यादी हाय की भिंतीवर," मावशी म्हणाल्या.

बाकावरची सगळी माणसं हसली. मीही हसलो. पण ते मला लागलं, आणि बरेच दिवस लागून राहिलं. मी शिकलेला, ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केलेला, याद्यांच्या फायली असलेला माणूस. आणि विचारतात कुणाला, तर झाडूवाल्या बाईला. असं मनात आलं की मला स्वतःचीच लाज वाटायची, पण येणं काही थांबायचं नाही. तुम्ही नोकरी केली असेल तर हे तुम्हालाही ठाऊक असेल.

एकदा मी थट्टेवर नेत म्हटलं, "मावशी, मलापण लावा की एक रांग."

त्या झाडायच्या थांबल्या. "तुमाला काय द्यावं ते कळंना, सर. तुमी कदी काही परत आणून दिलं न्हाई."

मला वाटलं, ग्रंथपालाला पुस्तक परत करायची गरज नसते, हे बाईला कळत नाही. मी त्यावरही हसलो.

इथं वाचनालयाच्या कारभारातली एक गोष्ट सांगायला हवी. रोज किती पुस्तकं बाहेर गेली, किती आत आली, याचं एक देवघेव रजिस्टर असतं. आकडे कमी दिसले की वरून विचारणा होते. म्हणून मी शनिवारी दुपारी बसायचो आणि आठवड्याचं रजिस्टर एका बैठकीत भरून काढायचो. कुठल्याही सभासदापुढं कुठलाही नंबर. चार वर्षांपूर्वी वारलेल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या रजिस्टरात दर आठवड्याला तीन पुस्तकं वाचली आहेत. हे फक्त आमच्याकडंच चालतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही नशीबवान. खरी देवघेव मावशींच्या डोक्यात होती. आणि ती तिथं सुखरूप आहे, असं मी धरून चाललो होतो.

मग वर्ग बदलायचं निघालं. सरकारी प्रतवारीत आमचं वाचनालय 'ड' वर्गात, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर. अध्यक्षांच्या मनात आलं की ते 'क' व्हावं. तपासणीला साहेब येणार, तर कपाटं नजरेत भरली पाहिजेत. फाटकी, तेलकट, उंदरानं खाल्लेली पुस्तकं बघून साहेब काय म्हणतील? समितीची बैठक भरली. तेव्हा मीच म्हणालो, "सगळी एकसारखी बाइंड करून घेऊ. पाठीवर सोनेरी नंबर टाकू."

मावशी चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "फाटलेत तेवढेच शिवून घ्या की, सर. समद्यांची तोंडं कामून झाकायलाव?"

"मावशी, नंबर पडले की कपाटातलं पुस्तक कुणालाही सापडेल," मी म्हणालो. 'कुणालाही' या शब्दावर मी जरा जोर दिला होता. तो जोर मला अजून ऐकू येतो. वाचनालयाचं भलं व्हावं असं मला वाटत होतं, हे खरं आहे. त्या भल्यात मावशींची रांग मोडली तर मला फारसं वाईट वाटणार नव्हतं, हेही खरं आहे. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

परभणीहून बाइंडर आला. टेम्पोनं तीन खेपा केल्या. महिन्याभरानं पुस्तकं परत आली ती सगळी एकाच मरून रंगाच्या रेक्झिनमध्ये. कडा यंत्रावर छाटून सरळ केलेल्या. जुनी कव्हरं, फुटक्या पाठी, दुमडलेले कोपरे, सगळं तिकडंच रद्दीत गेलेलं. मी पुस्तकं नंबरानं लावून घेतली आणि दाराशी उभा राहून बघितलं. खरं सांगतो, मला छान वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. त्यांनी पहिलं कपाट उघडलं, बंद केलं. दुसरं उघडलं. असं करत सहाही उघडून झाली. मग एक पुस्तक काढून त्यांनी हातावर तोललं, परत ठेवलं आणि माठ भरायला गेल्या. दुपारी नुसतं म्हणाल्या, "समदे सारखेच दिसायलेत, सर."

'क' वर्ग मिळाला. साहेब म्हणाले, शिस्त आहे. कपाटापुढं समितीचा फोटो निघाला. त्यात मावशी कडेला आहेत, हातात कपांचा ट्रे.

रांग मागायला लोक येतच होते. मावशी हार मानणाऱ्या नव्हत्या. त्या पुस्तक उघडून आतले डाग बघायच्या, वास घ्यायच्या, वजन करायच्या. पंधरा-वीस पुस्तकं त्यांना अशी सापडली. पिठाचं सापडलं, कारण त्याच्या शिवणीत अजून पीठ होतं. मी एकेकाचं नाव वाचून दाखवायचो, तर त्या कपाळाला आठ्या घालून म्हणायच्या, "नावावरून मला कसं कळंल? नाव मला कुणी कुठं सांगितलं?" मी त्यांच्यासाठी अंकलिपी आणली. दोन महिने त्या इमानानं बसल्या. अठरा-वीस अक्षरं आलीही. "अक्षर कळायलंय, सर. पर आत कोण बसलंय ते कळंना." मग त्यांनी अंकलिपी माझ्या टेबलावर ठेवली.

त्याच सुमाराला अंगणवाडीच्या ताईंची मुलगी गेली. नववीत होती. कावीळ झाली आणि आठ दिवसांत खेळ आटोपला. ताई आमच्या सगळ्यात जुन्या वाचक, मावशींनी त्यांना आजवर किती रांगा लावल्या असतील याची गणती नाही. महिन्या-दीड महिन्यानं त्या आल्या आणि बाकावर बसल्या. म्हणाल्या, "मावशी, काहीतरी काढून द्या. घर खायला उठतं."

मावशींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि कपाटाकडं गेल्या. त्यांना नेमकं कुठलं हवं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याला त्या 'चुलीचं' म्हणायच्या. लेकरू गेलेल्या एका बाईची गोष्ट. ती वर्षभर कुणाशी बोलत नाही, आणि शेवटी एका सकाळी शेजारणीच्या पोरांसाठी चूल पेटवते. तसल्या दुःखातून गेलेल्या चार बायकांनी ते वाचून मावशींना येऊन सांगितलं होतं. त्याच्या मधल्या एका पानावर हळदीचा मोठा डाग होता. मावशी उघडून उघडून बघत राहिल्या, आणि बऱ्याच वेळानं एक पुस्तक घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. आमच्या गावात हळदीचा डाग नसलेलं पुस्तक सापडणं अवघड.

"सर, ह्येच्यात ती बाई शेवटाला चूल पेटवती, तेच ना हे?"

मी अहवाल लिहीत होतो. पुस्तक उघडून नाव बघितलं, बरं वाटणारं नाव होतं. "हो, तेच," मी म्हणालो.

ताई तिसऱ्या दिवशी आल्या. पुस्तक टेबलावर ठेवलं. मावशींनी नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "मावशी, मला हेच का हो दिलंत?" आवाजात राग नव्हता. एवढं बोलून त्या गेल्या, आणि पुन्हा आमच्या पायरीला त्यांचा पाय लागला नाही. मी पुस्तक चाळलं. एक मुलगी आजारी पडते आणि मरते, एवढीच गोष्ट, आणि ती दोनशे पानं दिवसागणिक लिहिलेली होती.

त्या दिवसापासून मावशींनी पुस्तकाला हात लावला नाही. झाडायच्या, पाणी भरायच्या, वर्तमानपत्रं लावायच्या. कुणी रांग मागितली तर भिंतीकडं बोट करायच्या. लोकांनी काही दिवस विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. मरून रंगाची पुस्तकं तशीच चकाचक राहिली, कारण त्यांना हात लावायलाच कुणी उरलं नाही. पुढच्या दिवाळीला मावशींनी काम सोडलं आणि त्या पेडगावला लेकीकडं राहायला गेल्या.

माझं मन मला खात होतं. मावशी गेल्यावर मी जुनं देवघेव रजिस्टर काढलं. म्हटलं, कुणी काय नेलं होतं यावरून रांगा पुन्हा जुळवता येतील. पानामागून पान माझ्याच सुबक अक्षरात, सगळं खोटं. मेलेला म्हातारा तीन-तीन पुस्तकं वाचतोय. शेवटी पिशवीत दहा-बारा पुस्तकं भरली आणि एका रविवारी पेडगाव गाठलं.

मावशी अंगणात बाजेवर होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी उठू दिलं नाही. लेकीनं पाणी आणलं. मी एक पुस्तक उघडून पहिलं पान वाचायला लागलो. त्यांनी अर्धं पान ऐकलं. "हे कोणीच कदी सांगितलं न्हाई मला. म्होरं काय होतंय?"

मी पान उलटलं.

"तसं नगं. तोंडानं सांगा. शेवटाला कोण ऱ्हातंय?"

मी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. दुसरं पुस्तक काढलं, तेच झालं. तिसरं काढलं.

"तुमी वाचलं न्हाई व्हय हे?" मावशींनी विचारलं. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. "ह्यातलं कोणतंच?"

"नाही, मावशी."

त्यांनी माझ्या मांडीवरचं पुस्तक मिटलं. "मग तवा ताईच्या पुस्तकाला हो कामून म्हणलाव?"

याद्यांमध्ये आयुष्य घालवलेला माणूस मी. कुठलं पुस्तक वाचायला हवं, हे मला तोंडपाठ होतं. वाचायचं राहूनच गेलं होतं. लेकीनं चहा आणला, तो मी कसाबसा घेतला आणि पिशवी उचलून परत आलो.

त्यानंतर मी वाचायला लागलो. जाडी साधारण तेवढी आणि आत कुठंतरी हळदीचा डाग, असं एकेक पुस्तक घेऊन बसायचो. महिन्यातून दोनदा पेडगावला जाऊन वाचलेलं सांगायचो. आधी मला सांगताच येत नव्हतं. मावशी अडवायच्या, मला आठवायचं नाही, मी पुन्हा वाचायचो. हळूहळू जमायला लागलं. एखादं सांगता सांगता मावशींचा चेहरा उजळायचा. "हे तर छत्रीवालं! हे त्या गिरणीवाल्याला द्यायचं ऱ्हायलं होतं बगा."

"गिरणी बंद झाली, मावशी. तो पुण्याला असतो आता, लेकाकडं."

"असं व्हय? आप्पाला द्या मग."

"आप्पा गेले, मावशी. मागच्या थंडीत."

मग त्या पुढचं सांगा म्हणायच्या. अशी बावीस पुस्तकं ओळखीची निघाली. त्यांतलं एकही द्यायला माणूस शिल्लक नव्हता.

आणि एक दिवस चुलीचं सापडलं. मी शेवटचं प्रकरण सांगत होतो आणि मावशींनी माझं मनगट धरलं. डोळे पुसून मग म्हणाल्या, "उद्याच्याला जा. ताईला द्या. म्हणावं, मावशीचं चुकलं. तवा हे द्यायचं होतं."

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीत गेलो. ताई मुलांना खिचडी वाढत होत्या. हात धुऊन बाहेर आल्या, पुस्तक घेतलं, नाव वाचलं आणि मला परत दिलं. "नको, सर. मी आता वाचत न्हाई. पेपर बी वाचवत न्हाई. मावशीवर राग न्हाई माझा. वाचायचं सुटलं हे त्यांना सांगू मात्र नका, म्हाताऱ्या जिवाला लागंल." मी चूक माझी होती असं सांगायला लागलो. त्या ऐकत होत्या की नाही, कळलं नाही. आतून एक मूल रडायला लागलं आणि त्या गेल्या.

पुढच्या रविवारी मावशींनी पहिला प्रश्न तोच केला. "दिलं?"

"दिलं."

"काय म्हणली?"

"ठेवून घेतलं," मी म्हणालो. रजिस्टर भरायची सवय, जीभ जराही अडखळली नाही.

मावशी सुखानं बाजेवर मागं टेकल्या. मग दर वेळी विचारणं सुरू झालं. वाचून झालं का? अजून नाही, मावशी. "वाचू द्या, वाचू द्या. ते पुस्तक घाईनं वाचायचं नसतंय. माघारी मागू नका बरं तुमी."

मावशी गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. मला चार दिवसांनी कळलं. लेकीकडं जाऊन आलो. वाचनालयात तो विषय काढावा असं तिथं कुणी बसलेलं नव्हतं. नव्या शिपायानं दारामागची भिंत रंगवून घेतली आहे. समिती आता 'ब' वर्गाचं बोलते आहे.

शेवटच्या भेटीत त्या थकलेल्या होत्या, पण आवाज चढा होता. मी बसलो न बसलो तोच म्हणाल्या, "कागद काढा, सर. ताईचं ते झालं की म्होरचं लागंल. निस्त्या एका पुस्तकानं मानूस उठून बसत न्हाई. लिवून घ्या." आणि त्यांनी उजव्या हाताची बोटं मिटायला सुरुवात केली. चुलीच्या मागं तेलकट. मग उंदराचं, पण ते मिरगाच्या आधी नको. मग रडवून मोकळं करणारं निळं. आणि सगळ्यात शेवटी फुटक्या पाठीचं, त्यात हसू येतं, तोवर तिला हसू यायला लागलं असेल. पाचही बोटं मिटली. त्या मिटलेल्या मुठीकडं त्यांनी एकदा बघितलं, मग तेलकटाची आणि उंदराची जागा बदलायला सांगितली. मी खोडून दुरुस्त केलं. चुलीचं पुस्तक तेव्हा माझ्या पिशवीत, माझ्या पायाशी होतं.